तीन पंचवीस एकोणीस

मंडळी, सध्या मुक्काम पोस्ट द्वारका. श्रीकृष्णाची नव्हे, दिल्लीच्या नैऋत्येची. पूर्वी या भागाला पप्पनकलाँ म्हणत. मग डीडीएने इथे सेक्टर आखले, सोसायट्या उभ्या राहिल्या, मेट्रो आली. रस्ते रुंद आणि फूटपट्टी लावून आखल्यासारखे सरळ. वळण म्हणायचं तर चौकातला काटकोन, नाहीतर गोल चक्कर. साताऱ्याकडून आलेल्या माणसाला इथे गाडी चालवताना आपण मोटारसायकलवर बसलोय की खुर्चीवर, असा प्रश्न पडतो.

अशा गावात टायर फक्त मधोमध झिजतात. कडेची नक्षी कोरी करकरीत आणि मधला पट्टा गुळगुळीत. संध्याकाळी पार्किंगमधून फिरताना मला गाड्यांच्या मागच्या चाकांकडे बघायची सवय आहे. घरचे हसतात. पण ज्याने डीआर म्हणून दोन-चार वर्षं काढली आहेत, त्याची नजर माणसाच्या चेहऱ्याआधी टायरकडे जाते, त्याला इलाज नाही. आजची गोष्ट टायरचीच आहे, आणि मथळ्यातला आकडा जुन्या सिग्नलवाल्यांनी आणि एमटीवाल्यांनी कधीच ओळखला असेल.

३.२५-१९. टायरची रुंदी सव्वातीन इंच, रिमचा व्यास १९ इंच. आपल्या फौजेची बुलेट याच चाकांवर धावली, पुढेही तेच माप आणि मागेही तेच. आजकालच्या मुलांना हे विचित्र वाटतं, कारण त्यांनी पुढचा टायर बारीक आणि मागचा जाड असंच पाहिलंय. पण पुढे-मागे एकच माप ठेवण्यात फौजेचा मोठा फायदा होता. स्टोअरमध्ये एकच टायर ठेवायचा, एकच ट्यूब ठेवायची. पुढचा मागे चालतो, मागचा पुढे चालतो. क्वार्टरमास्टरच्या डोक्याला ताप नाही.

हे माप बुलेटने आणलं नाही. दुसऱ्या महायुद्धात डिस्पॅच रायडर ज्या ब्रिटिश गाड्यांवर फिरत, म्हणजे बीएसए एम२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३एल, त्यांची इंजिनं वेगळी, कारखाने वेगळे, पण चाकं बहुतेक १९ इंची आणि टायर सव्वातीन इंचाच्या घरातले. आपली सिग्नल कोअर १९११ सालची. जबलपूरला तिचं घर. तिथल्या रायडरांनी १९३५ मध्ये कसरतींचं पथक उभं केलं, तेच आजचे ‘डेअर डेव्हिल्स’. तेव्हा रस्ते म्हणजे खडी, माती, बैलगाडीच्या चाकोऱ्या. अशा रस्त्यावर उंच आणि अरुंद चाक का हवं, हे आपल्या गावच्या बैलगाडीला विचारा. तिचं चाक छातीएवढं उंच आणि धाव चार बोटं रुंद.

हिशेबच करून दाखवतो. रस्त्यात ३० सेंटीमीटर लांबीचा खड्डा आहे असं धरा. १९ इंची रिमवर ३.२५ चा टायर चढवला की चाकाची त्रिज्या साधारण ३२४ मिलिमीटर होते. ते चाक त्या खड्ड्यात पावणेचार सेंटीमीटरच्या आसपास बुडतं. आता आपला बजाज चेतक घ्या. १९७२ पासून महाराष्ट्राच्या दोन पिढ्या त्याच्यावर वाढल्या, माझं लग्नही त्याच्याच जोरावर जमलं असं सासरे म्हणत. त्याचा टायर ३.५०-१०, त्रिज्या साधारण २१६ मिलिमीटर. तोच खड्डा, पण चेतकचं चाक त्यात सहा सेंटीमीटर बुडतं. शिवाय इंजिन एका बाजूला, म्हणून तोल सांभाळायचं काम वेगळंच. चेतक गुळगुळीत रस्त्यावर राजा, पण खडीवर त्याच्या हँडलला दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागायचं. ज्यांनी पावसाळ्यात कराड-चिपळूण केलंय त्यांना सांगायला नको.

१९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया घेतलं, पाठोपाठ डच ईस्ट इंडीज. जगातलं बहुतेक नैसर्गिक रबर तिथूनच येत होतं, ते एका फटक्यात शत्रूच्या हातात गेलं. त्यानंतर टायर म्हणजे दारूगोळ्याइतकी मोलाची चीज झाली. जुन्यावर नवा थर चढवून वापरा, हवा मोजा, उगाच ब्रेक मारू नका, हे नियम तेव्हापासून फौजेच्या हाडात मुरले. आज फर्स्ट परेडला टायरची हवा बघायला लावतात, त्यावर नवे पोरगे कुरकुर करतात. त्यांना हे सांगावं लागतं की एके काळी त्या हवेवर लढाया चालत होत्या.

स्वातंत्र्यानंतर सीमेवर गस्तीसाठी आणि निरोपासाठी दणकट मोटारसायकल हवी होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या रेडिचहून रॉयल एनफील्ड बुलेट ३५० मागवल्या गेल्या. मद्रास मोटर्सने त्या आणल्या, आणि १९५५ मध्ये ‘एनफील्ड इंडिया’ स्थापन होऊन मद्रासजवळच्या तिरुवोट्टियुरला कारखान्याचं काम सुरू झालं. योगायोग असा की त्याच तिरुवोट्टियुरला रबराचे फुगे बनवणारी एक छोटी मंडळी आधीपासून धडपडत होती. फुग्यांवरून ती टायरच्या वरच्या थराच्या रबरावर आली आणि पुढे टायरवर. तीच एमआरएफ. इकडे मुंबईत भांडुपला इटलीच्या तुरिनमधून आलेली सिएट १९५८ पासून उभी राहिली. म्हणजे गाडी आणि तिचा जोडा दोन्ही आता देशातच मिळू लागले.

रेडिचची कंपनी पुढे बंद पडली. बुलेट मात्र इथे चालू राहिली, आणि चाक तेच राहिलं. चाळीस-पन्नास वर्षं एका गाडीने एक माप टिकवलं, असं मोटारसायकलच्या जगात फारसं घडलेलं नाही. बाहेर मात्र टायरवर उलथापालथ चालली होती, तीही थोडी पाहू.

मोटारसायकल वळते कशी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. विमानवाल्या राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. त्यातल्या विल्बरने एक गोष्ट नेमकी हेरली होती. डावीकडे वळायचं तर सायकलस्वार आधी हँडल किंचित उजवीकडे फिरवतो, त्यामुळे सायकल डावीकडे कलते, आणि मग ती वळते. आपण सगळे हे करतो, पण कुणाला माहीत नसतं. जबलपूरला आमचे उस्ताद एवढंच म्हणायचे, ‘‘जिधर जाना है, उधर का हँडल धक्का दो.’’ त्यांना विल्बर राइट माहीत नव्हता. अर्थ तोच.

गाडी कलते म्हणून मोटारसायकलचा टायर गोल पाठीचा असतो. कारचा टायर सपाट, कारण कार कलत नाही. साइडकार जोडलेली मोटारसायकलसुद्धा कलत नाही, म्हणून साइडकारसाठी मुद्दाम चौकोनी पाठीचे टायर बनवत. साधी गाडी मात्र कलते, आणि किती कलायचं ते वेग आणि वळण ठरवतात. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० किलोमीटरने घ्यायचं असेल तर साधारण ३० अंश कलावं लागतं. इथपर्यंत शाळेतलं भौतिकशास्त्र. पुढची गोष्ट शाळेत सांगत नाहीत.

हे ३० अंश पातळ पात्यासारख्या चाकासाठी आहेत. खऱ्या टायरला जाडी असते. गाडी कलली की टेकण्याची जागा टायरच्या मधून कलत्या बाजूला सरकते. ती सरकली की तेवढा तोल भरून काढायला गाडीला आणखी कलावं लागतं. ३.२५ च्या टायरला हे जादा कलणं साधारण दोन अंशांचं येतं, १३० मिलिमीटरच्या टायरला साडेतीन अंशांच्या आसपास. फरक दीड अंशाचा. कागदावर काहीच नाही. पण बुलेटचं फूटरेस्ट आणि सायलेन्सर जमिनीपासून किती वर असतात ते आठवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जाड टायरची गाडी कलायला आळस करते. प्रत्येक वळणात तिला ढकलावं लागतं, आणि ढकलणं थांबलं की ती उभी राहू पाहते. सरळ रस्त्यावर तोच आळस ‘काय स्टेबल गाडी आहे’ म्हणून मिरवला जातो.

आता लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज. ‘जाड टायर म्हणजे रस्त्याला जास्त टेकणार, म्हणजे जास्त पकड.’ साधारण हिशेब असा की टायर किती जागा व्यापतो ते त्याच्यावरचं वजन आणि आतली हवा यावर ठरतं. बुलेट आणि स्वार मिळून मागच्या चाकावर १३५ किलो येतात असं धरलं आणि हवा २८ पौंड असली, तर टेकण सुमारे ६८ चौरस सेंटीमीटर. म्हणजे अर्ध्या पोस्टकार्डाहून किंचित मोठं. तेवढ्यावर आपण बायकापोरांना बसवून हिंडतो. टायर जाड केला, हवा तीच ठेवली, तर हे टेकण फारसं वाढत नाही. त्याचा आकार बदलतो. लांबट होतं ते आडवं पसरतं. जाड टायर मोठ्या गाड्यांना लागतात ते मुख्यतः ताकदीसाठी आणि उष्णतेसाठी. २०२३ मध्ये इथून जवळच, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली. त्या गाड्यांना दोनशेच्या वर अश्वशक्ती असते, मागचं रबर तसंच रुंद लागतं. आपल्या ३५० ला वीसच्या आसपास अश्वशक्ती आहे, तिला ते कशाला?

टायरची गोलाई किती हवी, यावर शर्यतवाल्यांनी खूप डोकं चालवलं. १९६० च्या दशकात डनलॉपने त्रिकोणी छेदाचे टायर काढले. मध्ये टोक, बाजूला चपटे, म्हणजे गाडी कलली की तिला बसायला मोठी जागा. गाडी झपकन कलायची आणि मग घट्ट बसायची. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी त्यांचाच के८१ होता. १९६९ मध्ये माल्कम अपहिलने आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत साध्या विकाऊ ट्रायम्फवर ताशी १०० मैलांच्या सरासरीने फेरी मारली, तीही त्या टायरवर. तेव्हापासून त्याचं नाव टीटी१०० पडलं. मग १९८० च्या दशकात पुढे १६ इंची चाक लावायची टूम निघाली. लहान चाक, कमी जडत्व, चटकन वळणारी गाडी. ती जरा जास्तच चटकन वळते असं ध्यानात आलं आणि जग १७ इंचावर येऊन थांबलं. आपल्याकडेही पल्सर २००१ मध्ये आली ती १८ इंची चाकांवर, पुढे १७ वर उतरली. २००७ मध्ये तिच्या २०० आणि २२० वर ट्यूबलेस टायर आले. चाकण-आकुर्डीच्या मुलांनी भारतीय मोटारसायकलच्या चाकाला जेवढा हात लावला तेवढा फार कमी जणांनी लावला असेल, पण त्यावर कुणी दोन ओळी लिहीत नाही.

तिकडे बुलेटही बदलली. नव्या इंजिनाच्या गाड्या आल्या तसा मागचा टायर ११०/९०-१८ झाला, नंतर काहींवर १२०/८०-१८. पुढे ९०/९०-१९. इथे पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के. तिसरा रिमचा, तो अजून इंचातच. गंमत बघा, ३.२५-१९ ची बाहेरची उंची ६४८ मिलिमीटर येते, ११०/९०-१८ ची ६५५ आणि १२०/८०-१८ ची ६४९. म्हणजे रिम एक इंचाने घटली, टायर फुगला, पण चाकाची उंची जवळपास तीच राहिली. गाडीचा मागचा भाग उचलला नाही, बसला नाही, पुढच्या फोर्कचा तिरकेपणा बिघडला नाही. कंपनीचे इंजिनिअर माप बदलतात तेव्हा असं सगळं मोजून बदलतात.

करोल बागेत असं मोजत नाहीत. द्वारकेहून ब्लू लाइन मेट्रो थेट करोल बागेला जाते. तिथली मोटारसायकलची बाजारपेठ म्हणजे बुलेटवाल्यांची पंढरी. काय हवं ते मिळतं आणि ते हवंच आहे असं पटवूनही देतात. कारागीर हुशार आहेत, त्यांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही. पण सगळ्यात जास्त मागणी मागच्या जाड टायरला. १३०, १४०, कधी त्याहून मोठा. जुन्या बुलेटची रिम दोन इंचांहूनही अरुंद. १३० चा टायर साधारण तीन ते साडेतीन इंच रिमसाठी बनवलेला. तो अरुंद रिमवर चढवला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात, पाठ घुमटासारखी वर येते. पैसे जाड टायरचे आणि टेकायला मधली पट्टी. रिमही बदलून १७ इंची १४०/७० लावला तर मागचं चाक २० मिलिमीटरने बुटकं होतं, गाडी मागे बसते, पुढचा फोर्क आणखी तिरका होतो आणि हँडल जड लागतं. वर साखळीला टायर घासतो तो वेगळाच.

आमच्या युनिटमधला एक नाईक, सांगलीकडचा, गणपतीसाठी रजेवर बुलेटने घरी निघाला होता. गाडी सेकंडहँड, मागचा टायर संपलेला. त्याने १४० चा ठरवून टाकला होता. मला सांगायला आला तो परवानगीसाठी नाही, कौतुकासाठी. मी त्याला गाडीपाशी नेलं आणि ऑफिसातली स्टीलची पट्टी मागच्या टायरवर आडवी ठेवायला लावली. नव्या टायरवर पट्टी एका बिंदूवर टेकते, दोन्हीकडे डुलते. याच्या टायरवर ती चार-पाच सेंटीमीटर सपाट बसली. द्वारका ते कँटोन्मेंट, रोजची सरळ ये-जा, वर्षभर. गोल टायरचा त्याने चौकोनी करून टाकला होता.

‘‘सर, पण गाडी तर एकदम सरळ चालते,’’ तो म्हणाला.

‘‘सरळच चालणार. दिल्ली ते वापी सरळच आहे. पुढे काय?’’

पुढे खंडाळ्याचा जुना रस्ता, कारण द्रुतगती मार्गावर मोटारसायकलला बंदी. मग कात्रज, मग खंबाटकी. चौकोनी झालेला टायर कलताना आधी मधल्या सपाट पट्ट्यावर अडून राहतो. जोर लावला की कडेवरून एकदम पलीकडे पडतो. म्हणजे वळणाच्या नेमक्या मध्यावर गाडी स्वतःहून दहा अंश कोसळल्यासारखी वाटते. सरावलेला माणूस सावरतो. रात्रभर चालवून आलेला, मागे सामान बांधलेला, घर जवळ आल्याच्या आनंदातला माणूस ब्रेक मारतो.

माझ्या आधीच्या पोस्टिंगमधला एक जवान असाच रजेवर जाताना घाटात गेला. टायर, वेग की रस्त्यावरची वाळू, ते कुणालाच ठरवता आलं नाही, आणि मी आज बसून टायरवर खापर फोडणार नाही. पण त्याच्या गावी त्याची पेटी घेऊन मी गेलो होतो. त्या नाईकाला हे सांगितलं नाही. पट्टी पुरेशी होती.

त्याने ११०/९०-१८ च घेतला, कंपनीच्या मापाचा. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जरा निसरडा असतो, साच्यातून सुटावा म्हणून लावलेला लेप आणि रबराची गुळगुळीत पाठ जायला वेळ लागतो, म्हणून निघायच्या आठ दिवस आधी बसवून घेतला. हवा पुढे १८, मागे सामान धरून ३०. तो सुखरूप पोहोचला आणि खंबाटकीच्या माथ्यावरून त्याचा फोन आला. म्हणाला, ‘‘सर, गाडी बदलल्यासारखी वाटतीया.’’ टायरचे पैसे १४० च्या निम्म्याहून कमी गेले होते, त्यात घरी पेढे नेले.

आता तुमच्यातले काही विचारतील, डेअर डेव्हिल्स एका बुलेटवर इतकी माणसं चढवतात, ते कसं चालतं? २६ जानेवारीला कर्तव्यपथावर ते पिरॅमिड बघताना लोक वरच्या माणसाकडे बघतात. मी खालच्या चाकाकडे बघतो. ती गाडी वळत नाही, हे लक्षात घ्या. ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरळ रेषेत चालते. इतक्या कमी वेगात चाकाच्या भोवऱ्यासारख्या फिरण्याचा आधार जवळजवळ नसतो. तोल सगळा रायडरच्या हातात, आणि हँडलच्या बारीक बारीक हालचालींनी तो टायरला वजनाखाली आणत राहतो, जसं आपण तळहातावर काठी उभी धरतो. तिथे गोल पाठीचा, अरुंद, हँडलला लगेच जबाब देणारा टायरच लागतो. एएससीच्या ‘टॉर्नेडोज’नी १९ नोव्हेंबर २०१७ ला बेंगळुरूजवळ येलहंकाच्या हवाई दलाच्या तळावर एका ५०० सीसी बुलेटवर ५८ जवान नेऊन विक्रम केला. माणशी ५५ किलो धरले तरी तीन टनांच्या वर. गाडी अर्थातच त्या कामासाठी बदललेली होती. पण तोल त्याच नियमाने सांभाळला गेला.

डोंगरातल्या पोस्टिंगवर आता २१ इंची पुढचं चाक असलेली हिमालयन दिसते. २०१६ मध्ये ती आली तेव्हा लोकांना ते चाक सायकलसारखं वाटलं. पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. मी ती लडाखमध्ये चालवली आहे. खडीत पुढचं चाक दगड शोधत नाही, त्यांच्यावरून चढून जातं. हँडल मात्र बुलेटहून सावकाश फिरतं, आणि डांबरी वळणावर तिला थोडं आधी सांगावं लागतं. जुन्या लोकांनी खडीसाठी उंच अरुंद चाक निवडलं होतं, तेच फिरून आलं आहे.

ज्यांच्याकडे नोकरीच्या काळातली बुलेट अजून गावी उभी आहे, त्यांच्यासाठी एवढंच. दिल्लीत जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून तिला इकडे आणायच्या फंदात पडू नका. गावी मात्र तिच्या टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे बघा. २३११ असेल तर तो टायर २०११ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असो, रबर आतून वाळलेलं असतं. पट्टीही ठेवून बघा. ३.२५-१९ अजून मिळतो, आणि तो दुकानदाराला मागच्या फळीवरून काढावा लागतो, म्हणून तो आधी दुसराच दाखवेल.

जय हिंद.